लंकाबाईचा घरचा हिवाळा

लंकाबाईला सत्तेचाळिसावं लागलं आणि त्या वर्षी तिने आपल्या गावचा हिवाळा पहिल्यांदा पाहिला. ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल. पण पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगच्या वाड्या-वस्त्यांवर अशी माणसं घरोघर सापडतील. दिवाळी उरकली की बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं, दाराला कुलूप लागतं आणि माणसं ऊस तोडायला जातात ती गुढीपाडव्याच्या तोंडावर परत येतात. लंकाबाई लहानपणी आई-बापामागे गेली, लग्न झाल्यावर श्रीमंतमागे गेली. गावचा उन्हाळा तिला पाठ होता, पावसाळा पाठ होता. थंडी म्हटली की तिला आठवायचा तो उसाचा फड, बोटांना झोंबणारं पाचट आणि पाचटानेच शाकारलेली राहायची कोपी.

त्या साली मात्र श्रीमंतला डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर दिवसपाळीचा वॉचमन म्हणून बारमाही काम मिळालं. ट्रॉली आली, शेजारपाजारचे लोक चढले, आणि लंकाबाई दारात उभी राहून हात हलवत राहिली. ट्रॉली वळणाआड गेली तरी तिला घरात जावंसं वाटेना. आपण इथे राहिलो हे कुणाला तरी विचारून पक्कं करून घ्यावं, असं तिला वाटत होतं.

पुढचे काही दिवस बाई आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरली. थंडीत ऊन अंगणात कुठून येतं हे तिला माहीत नव्हतं. ते बाभळीच्या बाजूने तिरपं यायचं, आधी चुलीवर पडायचं, मग माठावर. पहाटे धुकं डोंगरावरून उतरायचं आणि पवनचक्क्यांची नुसती पाती वर फिरताना दिसायची, खालचे खांब कुठे नाहीतच. लंकाबाई शेणाचे हात तसेच ठेवून बघत बसायची. अंगणात रोज एक काळी-पांढरी चिमणी शेपटी नाचवत यायची. ही दर थंडीत येते की यंदाच आली, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने श्रीमंतला विचारलं.

"मला काय म्हाईत?" श्रीमंत म्हणाला. "मी बी तुझ्यासंगंच हुतो की गं फडात."

यावर दोघं पोट धरून हसले.

हे असं स्वप्नात चालल्यासारखं चाललं होतं, तेवढ्यात सुकन्याचा फोन आला. सुकन्या त्यांची एकुलती लेक. बावीस वर्षांची. मागच्या वैशाखात तिचं लग्न झालं, सोनईला दिलेली. जावई बजरंग टेम्पो चालवतो, माणूस शांत, सासू जरा शिस्तीची पण वाईट नाही. सुकन्या फोनवर म्हणाली, "आई, संक्रांतीला हितं हळदीकुंकू हाय, पहिली संक्रांत म्हनून. पन भोगीला मी तिकडं येते. एकच दिवस. सासूबाईंनी व्हय म्हनलंय."

"ये की गं बाई, ये!"

"आन ऐक. हरभऱ्याची भाजी कर. ताजी. वाळलेली लई खाल्ली तुझ्या हातची, आता ताजी खाऊ घाल एकदा."

सुकन्या हसत म्हणाली होती, पण फोन ठेवल्यावर लंकाबाई बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. पोरीचं खोटं नव्हतं. सुकन्याला तिने दोन थंड्या कडेवर घेऊन फडात नेली होती. तिसऱ्या वर्षी पोरीला कोपीत असा खोकला धरला की आता जाते की राहते असं झालं, आणि त्या सालापासून थंडीत ती चुलतीकडे, मनकर्णाकडे, राहू लागली. मनकर्णाची दीड एकर विहिरीखालची जमीन होती, तिला कुठे जावं लागत नसे. तिने सुकन्याला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. लंकाबाई तिचे उपकार मानायची, आणि मनातल्या मनात तिचा थोडा हेवाही करायची. दोन्ही खरं होतं.

पोरीपासून लांब असताना आईने काय करावं? लंकाबाई भाजी वाळवायची. ज्या शेतात ऊस तोडायची त्याच्या शेजारच्या रानात हरभरा असायचा. मालकिणीला विचारून ती कोवळे शेंडे खुडून आणायची आणि न धुता तसेच कोपीवर फडकं पसरून वाळत घालायची. धुतली तर पानावरचा आंबटपणा, ती आंब, जाते आणि आंब गेली की त्या भाजीत राहिलंच काय! मेथी वाळवायची, वांग्याच्या फोडी वाळवायची, बोरं वाळवायची. पाडव्याला परतताना तिच्या डोक्यावर ते गाठोडं असायचं. मग ऐन उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, सुकन्या वाळलेल्या हरभऱ्याच्या भाजीचं घोटून केलेलं गरगट भाकरीशी खायची. थंडीत आईने जे पाहिलं ते लेकीच्या ताटात चार महिन्यांनी पडायचं. तेवढंच दोघींच्या हाती होतं.

म्हणून या भोगीचा लंकाबाईने ध्यास घेतला. लेक थंडीत घरी येणार, आई घरी असणार, चुलीवर ताजी भाजी शिजणार. हे एकदाही झालं नव्हतं. आणि सुकन्याला एकच दिवस होता.

घरामागे गुंठाभर जागा होती. तिथे तिने हरभरा टोकला, तोही हिशेबाने, तीन खेपांत. पहिले दोन वाफे आधी, तिसरा डिसेंबर लागल्यावर, म्हणजे भोगीला त्याचे शेंडे बरोबर कोवळे मिळतील. वांग्याची सात झाडं होती, कुडावर वालाचा वेल होता, बांधावर बोर होती. मनकर्णाच्या विहिरीवरून पाणी यायचं. हरभरा उगवला तेव्हा लंकाबाई वाफ्याशी उकिडवी बसून बोलायची सुद्धा. काय बोलायची ते श्रीमंतने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पण हाताला लागलेली सवय कुठे जाते? पहिला वाफा खुडायला आला तशी तिने ओटी भरून शेंडे खुडले आणि घरात न नेता शिडी लावून सरळ पत्र्यावर चढली. जुनं धोतर पसरलं आणि भाजी वाळत घातली. दुसऱ्या वाफ्याचंही तेच. मेथी आली, पत्र्यावर गेली. वांगी आली, फोडी झाल्या, पत्र्यावर गेल्या. बोरं पिकली तीही गेली. श्रीमंत पाळीवरून दमून यायचा तर घरात पिठलं. रोज पिठलं.

एका संध्याकाळी तो पत्र्याकडे बघून म्हणाला, "अगं, सारं रान वर वाळतंय आन आमी खाली पिठलं खातोय. उद्या मला बी वर घालशील वाळत."

"तुमाला घालून काय उपेग? आदीच वाळल्यात." लंकाबाईने भाकरी थापता थापता उत्तर दिलं.

"मग ही भाजी कवा खायाची?"

"खायाची की. पुढं."

"पुढं म्हंजे कवा? आता आपल्याला कुठं जायाचंय?"

लंकाबाईचा हात भाकरीवर थांबला. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तिसऱ्या वाफ्याला मात्र हात लावायचा नाही, तो सुकीचा, असं तिने त्याच वेळी ठरवलं आणि श्रीमंतलाही बजावून सांगितलं.

भोगीच्या आधी चार दिवस आभाळ आलं. पत्र्यावरचं सगळं खाली काढून घरात पसरावं लागलं. पाय ठेवायला जागा नव्हती, घरभर मेथीचा आणि आंबूस हरभऱ्याचा वास कोंडला होता. त्या वासात लंकाबाईला सारखी पेंग यायची, आणि डोळा लागला की ती फडात असायची. उसाची मोळी डोक्यावर, पुढे मोळीखाली चाललेली बाई, तिच्याही पुढे बाई, आणि सगळ्यांत पुढे तीन वर्षांची सुकन्या, तिच्या डोक्यावर चिमूटभर पाचट. हाक मारली तरी ती वळायची नाही.

भोगीच्या दिवशी पहाटे आभाळ निवळलं. लंकाबाई उठून बाहेर आली तेव्हा डोंगराच्या माथ्यावर तांबडं फुटलं होतं, तिसऱ्या वाफ्यावर दव नुसतं चमकत होतं. ती टोपली घेऊन वाफ्यात बसली. गार पानं, ओली बोटं, बोटांवर आंबट चव. खुडता खुडता ती मनाने सोनईच्या स्टँडवर गेली. सुकी आता उठली असेल. आता तिने वेणी घातली असेल. सहाच्या गाडीने नगरला, नाहीतर शेवगावकडून येईल. खिडकीत बसली असेल तर वारं लागेल पोरीला. शाल घेतली असेल ना? तिची बोटं चालत होती आणि ती गाडीत लेकीशेजारी बसून येत होती. ऊन वर आलं. चार दिवसांनी पडलेलं कडक, कोरडं ऊन. वाफा संपला. टोपली भरली.

मग तिने आंघोळ केली, तीळ भाजले, बाजरीचं पीठ मळायला घेतलं. भोगीच्या मिसळीच्या भाजीची, ज्याला तिकडे खेंगट म्हणतात त्याची, तयारी मांडली. गाजरं आणि ओल्या हरभऱ्याचे सोलाणे मनकर्णाने आदल्या दिवशी आणून दिले होते. ऊस तेवढा तिने स्वतः मागवला, कांडं हातात धरून जरा वेळ बघितलं आणि सोलून ठेवलं. सगळं कसं नीट, बैजवार झालं होतं. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण एकही पुरतं आठवेना.

दहाला सुकन्या आली. हातात पिशवी, अंगावर गुलाबी स्वेटर, नाक थंडीने लाल झालेलं. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला कढत पाणी दिलं. सुकन्या घरभर फिरून आली. "आई, थंडीत आपल्या घरात उजेड किती असतो गं!" ती म्हणाली. तिनेही हे घर थंडीत कुलूप लावलेलंच पाहिलं होतं. मग चुलीपुढे बसून तिने हात शेकले आणि विचारलं, "हं, भाजी कुठाय? निवडायला घेते."

"टोपलीत हाय बघ, माठाशेजारी."

सुकन्याने टोपली उचलली. ती रिकामी होती. तळाशी दोन पानं चिकटलेली.

लंकाबाईने टोपलीकडे पाहिलं आणि मग तिची नजर आपोआप वर गेली. ती उठून बाहेर आली. शिडी पत्र्याला लावलेली होती. कधी लावली, कधी ती चढली, काही म्हणता काही आठवत नव्हतं. वर धोतर पसरलं होतं आणि त्याच्यावर तिसरा वाफा, सगळाच्या सगळा, एकसारखा पातळ पसरलेला, उन्हात. पत्रा तापला होता. पानं मान टाकून मऊ पडली होती.

"आई गं माझे," लंकाबाई म्हणाली आणि शिडीला धरून खालीच बसली.

सुकन्या मागे येऊन उभी राहिली. तिने पत्र्यावर पाहिलं. एका कडेला घरातून पुन्हा वर गेलेली मेथी, एका कडेला वांग्याच्या फोडी, बोरं, आणि मधे तो हरभरा. तिला रागच आला. इतक्या वर्षांचा असेल.

"आई, आता तर तू हितंच हायस. मग हे कुनासाठी वाळवतीस?"

"तुझ्यासाठी," लंकाबाई म्हणाली. तोंडातून जे आलं ते आलं. "तू पाडव्याला भेटशील तवा…"

वर पवनचक्कीचं पातं फिरत होतं, त्याची सावली अंगणावरून सरकून जात होती.

"मी आज आलेय गं," सुकन्या म्हणाली. "मी हितं उभी हाय."

लंकाबाईला रडू कोसळलं. मोळ्या वाहताना रडली नव्हती, पोरीला सोडून ट्रॉलीत चढताना पदर तोंडात धरायची पण रडायची नाही. आज मात्र भोगीच्या सणाला, भर दहा वाजता, लेकीसमोर ती हमसून हमसून रडली. "मला भानच न्हाई राहिलं सुके. मी तुझाच इचार करीत हुते बग. तुझाच करीत हुते."

सुकन्याचा राग कुठल्या कुठे गेला. तिने स्वेटरच्या बाह्या वर केल्या, शिडी चढली आणि धोतराची चारी टोकं धरून भाजी खाली आणली. मांडीवर घेऊन ती निवडू लागली. "बरी हाय की. मेली न्हाई अजून. ताजी बी न्हाई आन वाळलेली बी न्हाई. आपल्या दोघींसारखीच."

"गप ए," लंकाबाई डोळे पुसत म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

मग दोघींनी मिळून स्वयंपाक केला. भाजी शिजायला नेहमीच्या ताज्या भाजीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. लंकाबाईने ती रवीने घोटली, बेसनाचा हात लावला, लसूण आणि हिरव्या मिरच्या पाट्यावर ठेचून सढळ हाताने फोडणी दिली. फोडणीचा ठसका घरभर गेला. सुकन्या तीळ लावून भाकरी थापत होती, तिची भाकरी आईपेक्षा पातळ व्हायची, हे लंकाबाईच्या ध्यानात आलं. मनकर्णाची थापायची ती रीत. लंकाबाईला टोचलं, पण तिने ती भाकरी उचलून तव्यावर टाकली. पोरीला कुणीतरी शिकवलं होतं ना.

श्रीमंत पाळीवर होता, त्याचा डबा वेगळा काढून ठेवला. दोघी मायलेकी दारातल्या उन्हात ताटं घेऊन बसल्या. फडात लंकाबाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी, उभ्याउभ्याच खायची. आज ती मांडी घालून बसली आणि खायचं सोडून लेकीकडे बघत राहिली. सुकन्याने भाकरीचा तुकडा मोडला, गरगटात बुडवला, तोंडात घातला आणि एकदम डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय गं, तिखट झालं? का कडवट लागतंय?"

सुकन्याने मान हलवली. "लई झ्याक झालीय. तिखट न्हाई. ओठांना झोंबतंय."

लंकाबाई पुढे वाकली. उन्हात तिला नीट दिसलं. सुकन्याचे ओठ फुटले होते, खालच्या ओठाला मधोमध चीर पडली होती, कडेला रक्त सुकलं होतं. इतका वेळ लेक समोर होती, तिला ओवाळलं, तिच्यापुढे रडली, आणि हे दिसलं नव्हतं.

"हे कशानं झालं?"

"थंडीनं. दरसाल फुटत्यात. लहानपनापासून." सुकन्या सहज म्हणाली आणि दुसरा घास घ्यायला लागली. "काकी रोज रात्री लोनी लावायची. भोगीला माझी भाजी ती वेगळी काढायची, बिनमिरचीची."

लेकीला कोणती भाजी आवडते, कोणता रंग आवडतो, गोवर कधी आला, पहिला दात कधी पडला, सगळं लंकाबाईला तोंडपाठ होतं. उन्हाळ्यात सुकीच्या घामोळ्या कुठे उठतात तेसुद्धा. बावीस वर्षांची पोर, आणि थंडीत तिचे ओठ फुटतात हे तिला आज कळलं.

ती उठली. सकाळी तापवून ठेवलेल्या शेळीच्या दुधावर पातळशी साय धरली होती. तेवढी तिने वाटीत काढली, लेकीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली आणि तिची हनुवटी वर केली.

"आई, जेवू दे की आधी."

"जेव. आदी लावू दे."

तिची बोटं राठ होती, कोयत्याने घट्टे पडलेली. तिने करंगळी वापरली, ती त्यातल्या त्यात मऊ होती. वरचा ओठ, खालचा ओठ, मधली चीर. सुकन्या लहान पोरीसारखी तोंड पुढे करून बसली होती. मिरच्यांच्या फोडणीने आपण लेकीचे फुटलेले ओठ पोळवले, असं लंकाबाईच्या मनात आलं आणि तिने दोन्ही डोळे पुन्हा पदराने टिपले. मग ती तिथेच, जेवणाच्या ताटाशी, फतकल मारून बसली.

"आनखी काय काय हुतं गं तुला थंडीत?" तिने विचारलं. "सांग मला सगळं."

सुकन्याने आईकडे पाहिलं. आई खरंच विचारत होती. तिने ताट जरा बाजूला सरकवलं, स्वेटर अंगाशी ओढून घेतला, आणि शाळेत तिसरीत असतानाच्या थंडीपासून सांगायला सुरुवात केली.